अर्धा कप

सिस्टर आमच्या मंडळीत येऊन आठच महिने झाले होते आणि मला तिचं तोंड बघवत नव्हतं. आता लपवून काय करायचंय? पुढे सगळ्यांसमोर सांगावंच लागलं.

ती दवाखान्यात नर्स, मी शिंपीण. आमची प्रार्थना-मंडळी म्हणजे मोजून चौतीस माणसं. टायरच्या दुकानावर एक भाड्याची खोली, लाकडी बाकं, आणि पंखा लावला की पानं फडफडणारी प्रार्थनेची पुस्तकं. आणि मंडळीचं सेवेचं काम म्हणजे मी. अकरा वर्षं दुसरं कुणी त्यात बोटसुद्धा घातलं नव्हतं. समोरच्या रस्त्यावर ऑफिसांची नऊ मजली इमारत आहे. तिथे झाडलोट करणाऱ्या सतरा बायका सकाळी सहाला कामावर येतात. त्यांच्यासाठी मी पावणेसहाला फाटकाबाहेर टेबल मांडायची. मोठ्या थर्मासमध्ये चहा, डब्यात बिस्किटं आणि सोबत सुईदोरा. कुणाच्या गणवेशाचं बटण तुटलं, कुणाची शिवण उसवली, तर उभ्या उभ्या टाका घालून द्यायची. अंगात ताप असला तरी जायची. एक दिवस खाडा नाही.

त्या बायकांची एक खोड होती. चहा अर्धाच कप घ्यायच्या. मी भरायला गेले की कपावर हात आडवा. "पुरे ताई, पुरे." मला राग यायचा. मी काय विष कालवलंय का त्यात? दूध वाढवून पाहिलं, साखर कमी करून पाहिली, पावडर बदलली. हात काही हटेना. शेवटी म्हटलं, भिडस्त आहेत बिचाऱ्या, आणि सोडून दिलं.

आणि मग ही बया आली. पहिला आठवडा माझ्या शेजारी उभं राहून बिस्किटं वाटली. दुसऱ्या आठवड्यापासून काम सुटायच्या वेळेला त्यांच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत जायला लागली. महिन्याभरात तिनं शोधून काढलं की त्या इमारतीत बत्तीस संडास आहेत, सगळे ह्या बायका रोज घासतात, आणि त्यातला एकही वापरायची त्यांना परवानगी नाही. दहा-दहा तास. मला अकरा वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं हेही खरं, पण ते तेव्हा कुठलं सुचतंय! तेव्हा एवढंच डोक्यात आलं, की चहा माझा प्यायच्या आणि मन मोकळं करायचं तिच्यापाशी.

मग काय विचारता! मंडळीनं तिला डोक्यावरच घेतलं. सिस्टर म्हणाल्या असं करू, सिस्टर म्हणाल्या तसं करू. आमचे हेसुद्धा, घड्याळं दुरुस्त करताना मान वर न करणारा माणूस, एक दिवस जेवताना म्हणाले, "हुशार आहे हो बाई." मी त्यांना दुसरी पोळी वाढलीच नाही.

सिस्टरनं इमारतीच्या मॅनेजरची भेट ठरवली. सोमवार, सकाळी दहा. बायका एकट्या गेल्या तर कंत्राटदार दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बसवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मंडळी पत्र घेऊन बरोबर आली तरच त्या जाणार होत्या. त्यासाठी आदल्या आठवड्याच्या रविवारी आमच्यात ठराव आला.

आमच्यात हात वर करून मोजणं नाही. सगळ्यांत वडील पोस्टमास्तर. ते ठराव वाचतात तेव्हा सगळे उभे असतात. ज्याचं मन होकार देतं तो खाली बसतो. एक जण जरी उभा राहिला तरी ठराव पडला. का उभा राहिलास, असं कुणी विचारायचं नाही. मात्र त्याला पुढे कधी बसायचं असेल, तर सगळ्यांसमोर कारण सांगूनच बसायचं. चाळीस वर्षांत तिघंच असे उभे राहिले. त्यातले सुतारकाका जागा विकत घ्यायच्या ठरावाला उभे राहिले होते, आणि पुढे तो जागावाला अट्टल लबाड निघाला. तेव्हापासून आमची समजूत अशी, की उभ्या राहणाऱ्याला काहीतरी दिसतं.

पोस्टमास्तरांनी पत्र वाचलं. सगळं नीट होतं. शेवटी मात्र त्यांनी स्वतःच्या पदरचं एक वाक्य जोडलं होतं. "सिस्टरांच्या आठ महिन्यांच्या अथक सेवेतून हे काम उभं राहिलं आहे."

आठ महिन्यांच्या! आणि अकरा वर्षं मी काय माशा मारत होते?

बाकं करकरली. एकेक करून सगळे बसले. सिस्टर बसली, सुतारकाका बसले, ह्यांनी बसता बसता माझी बाही ओढली. मी बसले नाही. पोस्टमास्तरांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं.

घरी जाताना हे म्हणाले, "पोटात दुखतंय तुझ्या."

"पित्त झालंय."

"ते आठ महिन्यांपूर्वीच झालंय," हे म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

बुधवारी सिस्टर माझ्या दुकानात आली. मी मशीन थांबवलं नाही. म्हटलं, भांड बाई, एकदाची भांड. माझ्याकडे उत्तरं तयार होती.

"कारण विचारायला नाही आले, ताई," ती म्हणाली. "सोमवारची भेट नको म्हणून काल बायकांना सांगितलं. मॅनेजरला सोमवारी सकाळी कळवीन. तुम्ही त्यांना अकरा वर्षं ओळखता. तुम्हाला काहीतरी धोका दिसला असणार, मला नाही दिसला. मी घाई केली."

मशीनखालचं कापड वाकडं गेलं. अख्खी शिवण उसवावी लागली. ती गेल्यावर मला आणखीच राग आला. इतकं चांगलं वागायची काही गरज होती का?

गुरुवारी सकाळी बायका टेबलाशी आल्या. त्यांच्यातली एक वयस्कर आहे. वर्षाकाठी चार शब्द बोलते, म्हणून बाकीच्या तिला रेडिओ म्हणतात. सगळ्या आत गेल्या तरी ती मागे रेंगाळली.

"ताई, तुम्ही नको म्हणालात म्हणजे आमच्या भल्यासाठीच म्हणाला असाल."

मी बिस्किटं नीट लावत बसले.

"एक मागू? राग मानू नका. आता भेट नाही म्हटल्यावर तसंच दिवस काढायचे. तर चहा पाव कपच देत जा. अर्ध्यावरसुद्धा दुपारी जीव जातो. पण तुम्ही एवढ्या पहाटे उठून आणता, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही घेतो."

एवढं बोलून ती आत गेली. मी तिथेच उभी. अकरा वर्षं! मी पुण्य समजून ओतत होते आणि त्या माझं मन राखायला कळा सोसत होत्या. लाज वाटली, भयंकर वाटली. आणि त्या लाजेतही एक काटा होताच, की हे सिस्टरला पहिल्याच महिन्यात कळलं असणार आणि तिनं मला लागू नये म्हणून सांगितलं नसणार.

रविवारी प्रार्थना संपली तशी मी उभी राहिले. बाकीची तेहतीस माणसं सावरून बसली. आता काहीतरी मोठं उघड होणार, असे चेहरे.

"मला काही दिसलंबिसलं नव्हतं," मी म्हटलं. "मला हिचा हेवा वाटला. पत्रात माझं नाव नव्हतं म्हणून मी उभी राहिले. बस."

आणि बसले. सुतारकाका उगाच खोकले. पोस्टमास्तरांनी पत्र काढलं, पेननं शेवटचं वाक्य खोडलं आणि पुन्हा वाचलं. या वेळी सगळे बसले, मी सगळ्यांत आधी. सिस्टर बायकांना कळवायला निघाली. जाताना माझ्याजवळ थांबली आणि फक्त म्हणाली, "दहाला, ताई."

सोमवारी पहाटे मी टेबल मांडलं नाही. अकरा वर्षांतला पहिला खाडा. दहाला पिशवीत थर्मास घेऊन फाटकाशी गेले. सिस्टर पत्र घेऊन पुढे, मागे सतरा बायका, त्यांच्यामागे आम्ही. मॅनेजरनं दीड तास ताटकळत ठेवलं. मग दार उघडून एवढी माणसं पाहिली, कंत्राटदाराला फोन लावला, बराच वेळ हुं हुं केलं आणि तळमजल्याच्या संडासाची किल्ली काढली. दिली कुणाला? सिस्टरला. खोटं कशाला बोलू, तेव्हाही मला झोंबलं.

तिनं ती रेडिओच्या हातात ठेवली. रेडिओ आत गेली, कितीतरी वेळानं आली, ओले हात गणवेशाला पुसले आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"ताई, द्या आता."

मी ओतायला लागले. अर्ध्यावर सवयीनं माझाच हात थांबला.

"भरा की," रेडिओ म्हणाली.