कोरडी गोळी

एल्वुड ट्रॉक्सेलला त्या हंगामात हरीण मिळालं असतं तर आनंद झाला असता, पण त्याची खरी काळजी शर्टाची होती.

शर्ट वडिलांचा होता. लाल-काळ्या चौकटींचा, जाड लोकरीचा. शरद ऋतूत म्हातारे गेले, आणि क्लेटनकाकांनी फर्मावलं, "हा कपाटात घडी घालून ठेवायचा नाही. डोंगरावर घालायचा." डोंगरावर ट्रॉक्सेल घराण्याची शिकारीची झोपडी होती आणि झोपडीचा एक नियम होता. हरणावर गोळी झाडली आणि हरीण पडलं नाही, तर शिकाऱ्याच्या अंगातल्या शर्टाची मागची शेपूट कात्रीने कापायची, तिच्यावर नाव लिहायचं आणि ती आढ्याला ठोकायची. आढं अशा चिंध्यांनी भरलं होतं. त्यात वडिलांच्या नावाची एकही नव्हती. एल्वुडच्या नावाच्या मात्र एवढ्या होत्या, की काकांची मुलगी ऑर्फा म्हणायची, "अजून दोन हंगाम, मग तुझी गोधडी शिवते."

नाताळानंतरच्या हंगामात पेनसिल्व्हेनियात फक्त चकमकीची, ठासणीची बंदूक चालते. एकदा बार काढला की पुन्हा नळीत दारू, पुन्हा गोळी, पुन्हा ती ठासायला गज. तेवढ्या वेळात हरीण दोन टेकड्या ओलांडतं. म्हणून एकच गोळी, पण बिनचूक हवी, असं एल्वुडने ठरवलं. तो गावातला औषधविक्रेता होता. बिनचूकपणा हा त्याचा धंदाच होता.

उन्हाळाभर त्याने गोळ्या तपासल्या. आधी लांब टोकदार आणल्या. मग प्लॅस्टिकचं टोपरं घातलेल्या. मग तांब्याच्या, ज्या शेजारच्या रसेलने शपथेवर सुचवल्या होत्या. कागदावर गोल भोकं पडायच्या ऐवजी आडवी, माशाच्या आकाराची भोकं पडत होती. गोळ्या हवेत कोलांट्या खात जात होत्या.

"शास्त्रज्ञ," काका कुंपणावर रेलून म्हणाले, "नळीत डोकावून बघ. आतले आटे किती सावकाश वळतात ते दिसतंय? लांब गोळीला यात फिरकीच मिळत नाही. ही नळी साध्या गोल गोळीसाठी कातलेली आहे. शिशाची गोळी, तिच्याभोवती तेलकट कापडाचा तुकडा. संपलं."

"मीही त्याच निष्कर्षाला आलोय, काका."

"आलास? मे महिन्यात मी तेच सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलं होतंत. मी सिद्ध केलं."

गोल गोळी ठरली, पण कुठली गोल गोळी? एल्वुडने स्वतः शिसं वितळवून साच्यात ओतलं. निघालेली प्रत्येक गोळी औषधाच्या तराजूत तोलली. जी जराशी हलकी भरली, तिच्या पोटात हवेचा बुडबुडा आहे असं मानून ती पुन्हा वितळवली. उरलेल्या गोळ्या काचेवर घरंगळवून पाहिल्या. कापडासाठी गादीच्या निळ्या पट्ट्यांच्या खोळीचे तुकडे कापले आणि त्यांची जाडी मोजली. शेवटी मूठभर गोळ्या पसंत पडल्या. त्या त्याने कापूस घातलेल्या डबीत ठेवल्या.

"अरे, हरणाला वजन विचारून मरायची सवय नसते," काका म्हणाले.

हंगामाच्या पहिल्या सकाळी झोपडीच्या ओसरीवर चौघे बंदुका भरत होते. एल्वुडने पोकळ शिंगात ठेवलेली दारू मापात ओतली, माप बोटाने टिचकवून सारखं केलं, आणि तेवढ्यात रसेलने विचारलं, "पण डबीतली हीच गोळी का? शेजारची का नाही?"

असा प्रश्न विचारणारा माणूस एल्वुडला आयुष्यात भेटला नव्हता. त्याने माप कठड्यावर ठेवलं. बुडबुडा कसा धरतो, वजन एका बाजूला गेलं की गोळी कशी भरकटते, हे त्याने अगदी मुळापासून सांगितलं. सांगता सांगता गोळी कापडात गुंडाळली, नळीच्या तोंडाशी बसवली आणि गजाने एका दमात खाली ठासली. रसेल पूर्ण वेळ मान हलवत होता. ऑर्फा आणि काका केव्हाच निघून गेले होते.

नऊच्या सुमारास एक मादी हरीण झुडपांतून बाहेर आलं आणि आडवं उभं राहिलं. एल्वुडने नेम धरला. वडिलांचा शर्ट अंगाला टोचत होता. त्याने चाप ओढला. चकमक झडली, नळीच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या बारीक भोकाशी, असलेल्या पेल्यातली बारीक दारू भपकन पेटली, धूर निघाला. बस्स. बंदूक गप्प.

हरणाने मान वर केली. एल्वुडने पेला पुन्हा भरला. पुन्हा भपका. त्याने नळीचा कान तारेने टोकरला आणि तिसऱ्यांदा चाप ओढला. हरीण एवढा वेळ कुतूहलाने बघत होतं. आता त्याने पांढरी शेपूट उचलली आणि शांतपणे निघून गेलं.

एल्वुडने गज नळीत सोडला. भरलेल्या बंदुकीत गज कुठवर जातो याची त्याने गजावर खूण केली होती. ती खूण नळीत बुडाली. तिथे जेवढी दारू असायला हवी होती, नेमका तेवढाच गज जास्त आत गेला होता. आत दारूशिवाय नुसती कोरडी गोळी होती.

दुपारी जेवायच्या टेबलावर डुकराचं मांस, आंबवलेला कोबी आणि पितळेचं एक माप होतं. माप दारूने काठोकाठ भरलेलं होतं आणि त्यावर बर्फ भुरभुरलेलं होतं.

"कठड्यावर सापडलं," काका म्हणाले. "कोणाचं?"

एल्वुडने सगळं सांगितलं. "पण हा चुकलेला नेम नाही," तो म्हणाला. "नेम चुकायला आधी गोळी उडावी लागते."

"बरोबर आहे," रसेल म्हणाला. त्याला थोडं अपराधी वाटत होतं.

ऑर्फाने कोबी वाढून घेतला. "गोळी अजून नळीत आहे?"

"नाही."

"मग गेली कुठे?"

"बर्फात. कानातून चिमूटभर बारीक दारू आत सारली आणि काढली बाहेर."

"काढली म्हणजे?"

"उडवली."

"हरीण पडलं?"

"हरीण तोवर पुढच्या तालुक्यात पोचलं असेल."

"मग झालं तर. गोळी झाडली, हरीण पडलं नाही."

"माझा दुसरा कुठलाही शर्ट घे, ऑर्फा. दोन घे."

"अंगातला," काका म्हणाले. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

एल्वुडने शर्ट काढून दिला. ऑर्फाचं गावात शिवणकामाचं दुकान होतं, कात्री तिचीच. तिने शेपूट पालथी केली आणि थांबली. मग शर्ट खिडकीपाशी नेला.

"हे इथून खाली वेगळं कापड आहे. रंग जुळवलाय, पण वीण निराळी आहे. आणि हे काकूचे टाके आहेत. हा शर्ट आधी एकदा कापलेला आहे."

सगळे काकांकडे बघायला लागले. काका ताटाकडे बघत राहिले.

"मी फक्त कात्री दिली होती," ते म्हणाले.

"बाबांचा नेम चुकला होता?" एल्वुडने विचारलं.

"त्याचा नेम? छे. दारू घालायला विसरला होता."

"बाबा? कसे काय विसरले?"

"मला समजावून सांगत होता. गोळी कशी निवडावी ते."

"मग चिंधी कुठाय?"

काकांनी काट्यानेच आढ्याकडे दाखवलं. चुलीवरच्या कोपऱ्यात धुराने काळवंडलेली एक लाल-काळी चिंधी होती. तिच्यावर नाव होतं क्लेटनचं.

"मी धाकटा होतो," काका म्हणाले. "माझ्या नावावर एक जास्त झाली, तर कोणाला कळणार होतं?"

एल्वुडने शर्ट उलगडून टेबलावर पसरला आणि आईच्या टाक्यांवर बोट ठेवलं. "इथूनच काप. सरळ येईल."

ऑर्फाने कापलं. एल्वुडने चिंधीवर फक्त 'ट्रॉक्सेल' लिहिलं आणि ती त्या काळवंडलेल्या चिंधीशेजारी ठोकली.

जेवणानंतर सगळे परत ओसरीवर आले. रसेलने डबीतल्या गोळ्या तळहातावर घेऊन उजेडात फिरवल्या.

"आता एक सांग, एल्वुड. यातली कुठली घेऊ?"

एल्वुडने तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"आधी दारू घाल," तो म्हणाला.