इरासीच्या पडवीतली झोळी

मी एक जुनी झोळी आहे. भिक्षेची नव्हे, मित्रांनो! दोन खांबांना टांगतात आणि माणूस आत निवांत आडवा होतो, तसली. ब्राझीलमधल्या सेआराच्या एका विणकरणीने मला जाड सुताने विणले, कडांना झालर लावली. तिथून मी बाहियाच्या किनाऱ्यावर इरासीच्या लहानशा पाहुणघरात आले.

तिकडे उन्हाळा जानेवारीत; तेव्हा पाहुण्यांची नुसती झुंबड उडे. पोरे ओल्या अंगाने माझ्यावर उड्या मारत. मे महिन्यात पाऊस धरला की गल्ली ओस पडे, शेजारची पाहुणघरे कुलपे लावत. नेमक्या तेव्हाच दूरच्या बेलो ओरिझोंची शहरातून ओतीलियाबाई येत. गर्दीत समुद्र ऐकूच येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

इरासीची नणंद नादीर कुरकुरायची, "एका बाईसाठी चूल पेटवतेस? दार लाव आणि आराम कर की!"

"अगं, घर भरलं की मी नुसती धावते. ही एकटी असली की मलाही बसायला मिळतं."

मग सकाळी टॅपिओकाचे घावन, काळी कॉफी आणि दोघींच्या गप्पा. ओतीलियाबाई माझ्यात, इरासी शेजारच्या खुर्चीत. ते पावसाळी दिवस आठवले की आजही माझे सूत सैल पडते.

एका जूनमध्ये ओतीलियाबाई ओल्या पायरीवरून घसरल्या. मांडीचे हाड मोडले. पावसाने रस्ता खचला होता, गाडी येणे शक्य नव्हते. इरासीने मला खांबांवरून सोडवले, लांब बांबूत ओवले आणि दोन कोळ्यांना हाक मारली. चिखल तुडवत आम्ही होडीकडे निघालो.

"हळू रे, मी काही माशांची टोपली नाही!" ओतीलियाबाई कण्हत म्हणाल्या.

"टोपली निदान गप्प तरी बसते," इरासी म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते.

वाटेत माझी एक कड उसवू लागली. मी बाईंना जिवाच्या आकांताने धरून ठेवले. इरासीने खालून दोन्ही हात लावले आणि होडीपर्यंत काढलेच नाहीत.

बाईंचा जीव वाचला, पण लांबचा प्रवास कायमचा बंद झाला. पडवीत नवी, भडक नायलॉनची झोळी आली. मला पेटीत ठेवले. दमटपणाने माझ्यावर काळे डाग पडले. पुढच्या मे महिन्यात पावसाचा आवाज आला. मला कोणी बाहेर काढले नाही. खरे सांगते, फार वाईट वाटले.

आणि एके दिवशी पेटी उघडली. इरासीने मला धुतले, सावलीत वाळवले, कड शिवली आणि पिशवीत भरले. आयुष्यात पहिल्यांदाच तिने पाहुणघराला कुलूप लावले.

"कुठं निघालीस?" नादीरने विचारले.

"पाहुणी म्हणून राहायला. मला काय कोणी बोलवायचं नाही होय?"

आता मी ओतीलियाबाईंच्या घरी, आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत टांगलेली असते. समुद्र नाही, खाली बसगाड्यांचा गोंगाट. दर पावसाळ्यात इरासी मला घेऊन येते. ओतीलियाबाई कॉफी करतात आणि इरासीला खुर्चीवरून उठूच देत नाहीत.

मित्रांनो, जुन्या झोळीला उन्हात करपवू नका, ओली घडी घालू नका. आणि तुमच्याकडे येणारे कोणी यायचे थांबले, तर वाट बघत बसू नका. तुम्हीच जा.