तीनशे अठरा नंबरचा बिल्ला

“हवालदार, घड्याळ जमा करून घ्या. आणि बिल्ला द्या.”

रामभाऊंनी मनगटावरचा काळा पट्टा सोडून पुढे केला. समोर हवालदार कुठला, कणकेने माखलेल्या हातांच्या सुंदराबाई होत्या. त्यांनी हात पदराला पुसला, पट्टा घेतला आणि दारामागच्या खिळ्यावरचा पितळी बिल्ला काढून नवऱ्याच्या हातात ठेवला. नंबर ३१८. सकाळचे साडेसात झाले होते. रामभाऊ बिल्ला खिशात टाकून गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले, म्हणजे ड्यूटीवर गेले.

अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं होते, तेही काड्यांच्या टोकांचं रसायन कालवतात त्या खात्यात. तिथे अंगावर पितळेखेरीज कुठलाच धातू चालत नसे. ठिणगी उडाली की खातंच उडायचं. म्हणून गेटवरच्या हवालदाराला घड्याळ देऊन बिल्ला घ्यायचा, साडेतीनला बिल्ला देऊन घड्याळ घ्यायचं. कारखाना बंद पडला तेव्हा बिल्ला परत घ्यायलाही कोणी उरलं नव्हतं. मग तीन वर्षांपूर्वी विसरणं सुरू झालं. आधी चिखलोलीच्या या फ्लॅटचा मजला गेला, मग मुलाचं नाव, मग बायको. गेट तेवढं पक्कं राहिलं. जन्मभर ‘अगं’ म्हणणारा नवरा सुंदराबाईंना ‘तुम्ही’ म्हणू लागला. म्हातारपणी मान मिळाला, तो असा.

पट्टा मैत्रेयीने आणलेला. विसरण्याचा आजार झालेल्या माणसांना असलं यंत्र अंगावर वागवणं जमतं का, त्यांना स्वतःला त्याचं काय वाटतं, याचा अभ्यास तिची संस्था करत होती. यंत्र पावलं, झोप, छातीचे ठोके मोजायचं. दर मंगळवारी चार वाजता ती यायची. बाकी डॉक्टर काय, मुलगा काय, सगळे सुंदराबाईंशीच बोलायचे. शेजारी तर रामभाऊंच्या देखत विचारायचे, “जेवले का हे?” मैत्रेयी मात्र पट्ट्यातली नोंद उतरवून घ्यायची, मग त्यांच्यासमोर फरशीवर बसून त्यांनाच विचारायची.

“काका, लावू का पट्टा? नको असेल तर नको म्हणा.”

रामभाऊ विचार करायचे आणि मनगट पुढे करायचे.

“घट्ट होतंय का?”

“नाही. बरोबर आहे.”

एवढ्यासाठी सुंदराबाई आठवडाभर वाट पाहायच्या. मंगळवारी त्यांचा नवरा माणसात यायचा.

पहिल्याच दिवशी मैत्रेयी म्हणाली होती, पट्टा शक्यतो हातातच राहू दे, नाहीतर नोंद तुटते. सुंदराबाईंनी आपल्या परीने अर्थ काढला: नोंद तुटली की मुलीचं येणं बंद. पण पट्टा घालून ड्यूटीवर बसवलं की रामभाऊ थरथर कापायचे. “भडका उडेल, माणसं मरतील,” म्हणायचे. मग बाईंनी साधा उपाय काढला. साडेसात ते साडेतीन पट्टा स्वतःच्या हातात. नवरा काय नि बायको काय, घर तर एकच!

सातव्या मंगळवारी मैत्रेयी आली ती उतरल्या चेहऱ्यानेच.

“काकू, जरा टेन्शन आहे. काका दिवसभर एवढे चालतात? आणि रोज अकराच्या सुमाराला ठोके दीडशेच्या वर जातात, मध्येच चुकतात पण. आमचे डॉक्टर म्हणतात, ॲडमिट करून हार्ट चेक करायला लागेल.”

अकराला पाण्याचा टँकर येतो. लिफ्ट बंद. तिसरा मजला, दोन हातांत दोन कळश्या, चार खेपा. सुंदराबाईंना सगळा उलगडा झाला. मागे ॲडमिट केलं तेव्हा रामभाऊ सुया उपटत होते म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. आता गप्प बसावं तर ते हात पुन्हा बांधले जाणार, बोलावं तर ही मुलगी जाणार. त्यांना रडू कोसळलं.

“ते ठोके यांचे नाहीत गं. माझेत.”

त्यांनी सगळं सांगितलं. गेट, हवालदार, बिल्ला.

“पण का, काकू?”

“तू यायची बंद होशील म्हणून.”

“अहो, काकांनी पट्टा काढला असता तरी मी आलेच असते! ते का काढतात, तेच तर आम्हाला हवं होतं. हे बिल्ल्याचं मला आधी सांगायचंत ना...” ती बोलून गेली आणि पहिल्या दिवशीचं स्वतःचंच बोलणं आठवून तिला लाज वाटली.

“मग आता लिही ना.”

“आता दोघांची नोंद एकत्र झालीय, काकू. मला खरं कळवायलाच लागणार. त्यांचं नाव काढतील. नवीन नावं घेणं पण बंद झालंय.” तिने सुंदराबाईंचा हात धरला. “पण तुम्ही डॉक्टरला दाखवा. प्लीज. याच आठवड्यात.”

“दाखवीन हं,” सुंदराबाई म्हणाल्या. तोवर पाणी कोण चढवणार, हे काही त्या बोलल्या नाहीत.

पुढच्या मंगळवारी मैत्रेयी सकाळीच पट्टा न्यायला आली. रामभाऊ ड्यूटीच्या तयारीत होते. ती नेहमीसारखी फरशीवर बसली.

“काका, हा मी घेऊन जाऊ का?”

रामभाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेसात. त्यांनी पट्टा सोडून तिच्या हातात दिला आणि तळवा पुढे केला.

“बिल्ला?”

मैत्रेयी गोंधळली. सुंदराबाईंनी खिळ्यावरचा बिल्ला काढून तिच्याकडे दिला. तिने तो दोन्ही हातांनी रामभाऊंना दिला आणि मागे न पाहता जिना उतरली.

साडेतीनला रामभाऊ गॅलरीतून उठून आले.

“सुट्टी झाली, हवालदार. घड्याळ द्या.”

सुंदराबाईंनी बिल्ला घेऊन खिळ्याला अडकवला. मग नवऱ्याचं मनगट धरलं आणि पट्टा असायचा तिथे बोटांचा वेढा घातला.

“घट्ट होतंय का?”

रामभाऊंनी विचार केला.

“नाही. बरोबर आहे.”

बोटांखाली ठोके लागत होते, संथ. हे मात्र त्यांचेच होते.