दिवसाला एक पाटी

'खानावळ' या शब्दावर रेघ ओढता ओढता भिमाजीचं मनगट खाली पडलं. ब्रश बोटांतून सुटला नाही, पण हात असा लोंबला की पांढरी रेघ 'व'च्या पोटातून तिरपी निघाली आणि थेट पाटीच्या काठाला जाऊन भिडली.

आतून कस्तुराबाई, त्याची बायको, चिंधी आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन आली. तिला हाक मारावी लागली नाही.

"धक्का लागला," भिमाजी म्हणाला.

"कुनाचा? हितं तर तुमीच हाय."

ओली रेघ तिनं हलक्या हातानं पुसून काढली. या आठवड्यातली ही चौथी रेघ होती, आणि असल्या बाबतीत कस्तुराबाई विसरभोळी नव्हती.

लोणावळ्याच्या बाजारात भिमाजी पेंटर कुठं राहतो हे कुणीही सांगितलं असतं. मूळचा तो उर्से गावचा. शेत थोरल्या भावानं सांभाळलं आणि हा रेल्वेतल्या रंगाऱ्यांच्या टोळीत शिरला. डब्यांवर आकडे काढता काढता हाताला वळण आलं, मग टोळी सोडून त्यानं बाजारात एक खोली घेतली. टोळीच्या म्हाताऱ्या मुकादमानं निघताना एवढंच सांगितलं होतं, "दिसाला एक पाटी लिव. दुसरा गिऱ्हाईक आला तर उद्या ये म्हनायचं." भिमाजीनं हे पंधरा-सोळा वर्षं इमानानं पाळलं. पत्र्याला अस्तराचा रंग द्यायचा, घाटमाथ्याच्या ओलसर हवेत तो तीन-तीन दिवस वाळू द्यायचा, मग अक्षरांच्या कडा काढायच्या. आतला रंग कस्तुराबाई भरायची. सगळ्यात शेवटी श्वास रोखून शब्दावरची रेघ. ती फक्त त्याची. तिथं बायकोलासुद्धा ब्रश लावू द्यायचा नाही.

कस्तुराबाईला अक्षरओळख नव्हती. पण अठरा वर्षं अक्षरं भरून भरून तिनं त्यांना आपली नावं ठेवली होती. 'ळ' म्हणजे चष्मा आणि 'ई' म्हणजे शेंडीवाला. "शेंडीवाल्याला निळा देऊ का हिरवा?" असं ती विचारायची, आणि भिमाजीला त्यात काही वावगं वाटत नसे.

मग भिमाजीचं नाव झालं, आणि तिथंच गाडं बिघडलं. बंगलेवाले आले, दुकानदार आले, तंबूतला सिनेमावाला आला. भिमाजीला तोंडावर नाही म्हणता येत नसे. तो "बघतो" म्हणायचा, आणि त्याचं बघतो म्हणजे होच, हे दोन वर्षांत साऱ्या बाजाराला कळून चुकलं. यंदा चहाच्या एका कंपनीनं लोणावळ्यापासून तळेगावापर्यंतच्या हॉटेलांसाठी साठ पाट्या सांगितल्या, त्याही दिवाळीच्या आत. दिवसाला एकीच्या जागी चार होऊ लागल्या. अस्तर वाळायची वाट बघायला सवड कुणाला? ओल्या अस्तरावर लिहिलेल्या अकरा पाट्यांचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. त्या खरवडून पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागल्या.

घाईनं दुसरीही एक खोड लावली. ब्रशचं टोक बोटांनी जुळवायला वेळ जातो, म्हणून तो ते ओठांत धरून ओढायचा. एका पाटीला वीस-वीस वेळा. पोटात कळा यायला लागल्या, तोंडाला गोडसर चव राहायला लागली, आणि महिन्याभरापासून मनगट दगा देऊ लागलं. चार दिवसांपूर्वी तो दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला तो ब्रश तोंडात धरता का, हाच.

"टोक काडाया धरतो कवा कवा."

"सफेद्यात, या पांढऱ्या रंगात, शिसं असतं. ते तुमच्या अंगात भिनलंय. आजपासून रंगाचं काम बंद. हात परत येईल, कदाचित. असंच चालू ठेवलंत तर नाही येणार."

भिमाजी घरी आला आणि डॉक्टर पित्त म्हणाले असं बायकोला सांगून पुन्हा पाटीसमोर बसला.

आज रतनबाईची पाटी तेवढी हातावेगळी करायची होती. रतनबाई ही बाजारात खानावळ चालवणारी विधवा बाई, भिमाजीची जुनी गिऱ्हाईक. पुसलेली जागा वाळेपर्यंत तो भिंतीला टेकून बसला होता, एवढ्यात चहाच्या कंपनीचे एजंट देवस्थळी छत्री मिटत दारात उभे राहिले.

"काय भिमाजीराव, कुठवर आलं?"

"तेवीस झाल्या, सायेब."

"वेग वाढवा. आणि ऐका, आनंदाची बातमी आहे. वरच्या लोकांना तुमचं अक्षर फार पसंत पडलंय. पुण्यापर्यंत आणखी दीडशे पाट्या द्यायच्या म्हणतात. चार माणसं ठेवा, स्टेशनाजवळ मोठी जागा बघा. आता पेंटर कसले, कारखानदार झालात तुम्ही!"

स्टेशनाजवळची जागा भिमाजीनं मनातल्या मनात कधीच घेऊन ठेवली होती. तिच्या दारावरची पाटी कुठल्या रंगात लिहायची हेसुद्धा ठरलं होतं. "बघतो" हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. उजवा हात त्यानं खांद्यावरच्या टॉवेलाखाली दडवला होता.

कस्तुराबाई आतल्या दाराशी उभी होती. ती एजंटाकडे बघत नव्हती. ती त्या टॉवेलाकडे बघत होती. हिला हाताचा संशय आलाय, हे भिमाजीला त्या क्षणी कळलं, आणि लपवण्याचाच त्याला भयंकर कंटाळा आला. चार दिवस तो कामानं दमला नव्हता इतका या लपवाछपवीनं दमला होता.

त्यानं हात बाहेर काढला आणि पुढं धरला. बोटं हलली, पण मनगट काही वर येईना.

"हे बघा, सायेब. डाक्टर म्हनत्यात, काम बंद ठेव. मला न्हाई जमायचं."

"डाक्टर पित्त म्हनले हुते ना?" कस्तुराबाईनं विचारलं.

"खोटं बोललो म्या."

देवस्थळी वाईट माणूस नव्हते. त्यांनी घटकाभर त्या हाताकडे पाहिलं, चुकचुकले, आणि मग कंपनीचा माणूस जे विचारतो तेच त्यांनी विचारलं, "मग उरलेल्या सदतीस पाट्यांचं काय?"

"ही लिवील," भिमाजी म्हणाला.

"मी?" कस्तुराबाई दचकली.

"म्या अक्षर सांगीन, ही लिवील. पर दिसाला एकच. अस्तर वाळल्याबिगर पाटीला हात लावायचा न्हाई, आन टोक तोंडात धरायचं न्हाई. दिवाळी निघून जाईल, सायेब. चालत आसंल तर सांगा."

"बाईमाणसाचा हात? वर काय सांगू मी?"

"अक्षर दावा. त्ये बघून काय त्ये ठरवा."

देवस्थळींना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. दिवाळीपुढं थांबता येत नाही, ते म्हणाले. खोपोलीला एकजण आहे, त्याच्याकडे काम नेतो. तासाभरात हातगाडी आली. लिहिलेल्या तेवीस पाट्या गेल्या आणि कोरे पत्रेही गेले. भिंतीशी त्यांची थप्पी होती तिथं ओलीचा एक डाग तेवढा उरला. दोन वर्षांत पहिल्यांदा ती भिंत मोकळी दिसत होती, आणि भिमाजीला तिच्याकडे बघवेना.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा कस्तुराबाई बोलली. "अठरा वरसं झाली माज्या लगनाला. आन तुमचा हात गेल्याचं मला त्या च्यावाल्यासंगं कळावं?"

"भ्या वाटलं गं."

"कशाचं?"

"तुला सांगितलं आसतं तर खरं झालं आसतं."

डोळे तिनं पदरानं पुसले आणि रतनबाईच्या पाटीसमोर येऊन बसली. ब्रश उचलून टोक बोटांच्या चिमटीत जुळवलं.

"सांगा. कुटनं धरू?"

"'ख'च्या थोडं आदी. हात टेकाया खाली काठी घे. श्वास धर, आन मधी थांबू नगं. थांबलीस की गाठ पडती."

तिनं श्वास धरला. ब्रश डावीकडून निघाला, 'ख'वरून, 'ना'वरून सरकत चष्म्याच्या पार गेला आणि तिथं अलगद उचलला गेला. रेघ सरळ होती. शेवटाला किंचित जाड झाली होती एवढंच. भिमाजी ती रेघ बघत राहिला. त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदात काहीतरी टोचलंही. ही रेघ आपल्या मनगटात आहे, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. बाजूला बसून रंग भरणाऱ्या बाईनं ती कधी उचलली, याचा त्याला पत्ताही नव्हता.

"बरी हाय का?" तिनं विचारलं.

"बरी हाय," तो म्हणाला. मग त्याला ते फार तोकडं वाटलं. "चांगली हाय. माजी बी अशीच यायची."

दुपारी रतनबाई स्वतः आली. पाटी घेऊन जायला माणूस नंतर येणार होता, पण तिला धीर नव्हता. येताना फडक्याखाली झाकून भाकरी आणि पिठलं घेऊन आली होती. कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जायची तिला सवयच नव्हती.

"मला मेलीला काय वाचता येतंय," ती पाटी न्याहाळत म्हणाली, "पर भाऊ, या बारीला अक्षर निराळं दिसतंय. मोकळं वाटतंय."

भिमाजीनं एकदा बायकोकडे पाहिलं. हो म्हणून सोडून देणं सोपं होतं. "वरची रेघ हिची हाय, रतनबाई. हितनं पुढं हीच लिवनार. म्या नुसता सांगनार. पाटी उशिरा मिळंल, दिसाला एकच हुईल."

"उशिरा तर उशिरा. माजी खानावळ काय पळून चाललीया?" रतनबाईनं ताटली त्याच्यासमोर ठेवली. "जेवा आदी. गरम हाय तवर."

भिमाजी हात धुऊन बसला. पोट बिघडलंय असं सांगून गेले आठ दिवस तो मऊ भातच खात होता, आणि समोर भाकरी होती. त्यानं तिच्यावर बोटं ठेवली. भाकरी नुसती ताटलीत फिरली. पुन्हा दाबून बघितलं, पुन्हा फिरली. डावा हात लावायचं त्याच्या जिवावर आलं. दार सताड उघडं होतं, बाहेर बाजार चालू होता, आणि दोन बायका समोर उभ्या होत्या.

कस्तुराबाई खाली बसली. नखांत पांढरा रंग होता तो तिनं टर्पेंटाइननं काढला, मग पाण्यानं हात धुतले, भाकरी चुरली, पिठल्यात कालवली आणि ताटली त्याच्याजवळ सरकवली. घास मात्र तिनं भरवला नाही.

भिमाजीनं मान खाली नेली आणि चार बोटांनी पहिला घास तोंडाशी नेला.

रतनबाईनं त्याच्याकडे पाठ केली, आणि त्याचं जेवण होईपर्यंत ती न वाचता येणारी पाटी निरखत उभी राहिली.