शुक्रवारची पेट्रोलगाडी

"ऊम डर्क, त्या शुक्रवारी आवारात काही नव्हतं ना? एखादा मोबाइल, वायरलेस?" खगोलशास्त्रज्ञ नोमोंडेने कॉफीचा मग त्यांच्यापुढे सरकवला.

"वहीत काय लिहिलंय?"

"आत आणलेल्या यंत्रांच्या रकान्यात त्या दिवसाची ओळ कोरी आहे. तुमची वही म्हणजे डोळे झाकून विश्वास ठेवावा अशी. रीत म्हणून विचारते हो."

डर्क फाल्टेन यांनी कॉफीला हात लावला नाही. सगळे त्यांना ऊम, म्हणजे काका, म्हणत. दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावर रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्यांच्या सांध्यांना चौदा वर्षं ग्रीस घालणारा हा माणूस. निवृत्तीला चार महिने उरले होते.

तबकड्या काय ऐकतात, ते नोमोंडेनेच त्यांना सांगितलं होतं. एका कृष्णविवराभोवती एक तारा रेडिओलहरींचे ठोके देत फिरतो आणि दोन वर्षांतून एकदा अगदी जवळून जातो. यंदा तो ठरल्या वेळेआधीच आला. म्हणजे विवराभोवती न दिसणारं कृष्णद्रव्य दाटून बसलेलं असणार. त्यातून जाताना ताऱ्याचा जोर खर्ची पडतो आणि तो आत सरकतो.

"वाळूतून चालताना मेंढी दमते, तसं?" ऊमनी विचारलं होतं. सोमवारी केपटाउनला ती हेच वाक्य सगळ्या जगाला ऐकवणार होती.

तारा जवळून गेला तो हाच शुक्रवार. त्या दिवशी एका तबकडीचा सांधा किंचाळत होता आणि डिझेलगाडी काही केल्या सुरू होईना. फाटकाबाहेर मेव्हण्याची पेट्रोलगाडी उभी होती. पेट्रोलगाडीला आवारात सक्त मनाई, कारण इंजिनातली ठिणगी न् ठिणगी तबकड्यांना ऐकू जाते; डिझेलला ठिणगीच लागत नाही. ऊम तरी ती घेऊन गेले. सांधा वाचला. संध्याकाळी वहीत लिहायला हात धजला नाही.

आता गप्प बसलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण या पोरीचं सगळं काम त्या कोऱ्या ओळीवर उभं होतं.

"पोरी, मी पेट्रोलगाडी आत नेली होती. अकरा ते साडेअकरा."

"थट्टा करताय?"

"नाही."

तिने लॅपटॉपवर शुक्रवारच्या नोंदींतून ती तीस मिनिटं गाळून पाहिली. तारा लवकर आल्याचा पुरावा नेमका तेवढ्यातच होता. बाकी काहीच उरलं नाही.

"तेव्हाच का नाही बोललात हो!" ती म्हणाली.

"भ्यालो." ऊमनी वही ओढली, त्या ओळीत वेळ लिहिली, खाली सही केली आणि कामाच्या डिझेलगाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "आता?"

"आता दोन वर्षं थांबायचं. तारा परत येईपर्यंत."

मोठमोठ्या विद्वानांनाही जड गेलं असतं, ते या माणसाने दोन वाक्यांत केलं. ऊम टोपी घालून पायीच फाटकाकडे निघाले. फाटक सहा किलोमीटरवर होतं.

नोमोंडेने डोळे पुसले आणि केपटाउनला फोन लावला.

"सोमवारचं भाषण रद्द करा. चूक होती. नाही, मला नाही सापडली, आमच्या मेकॅनिकने सांगितली. नाव लिहून घ्या. मेकॅनिक एवढंच नको, पूर्ण नाव लिहा. डर्क फाल्टेन."

पलीकडच्याला नीट ऐकू आलं नाही. तिने एकेक अक्षर सावकाश सांगितलं.