वजा अडतीस डेसिबल

डब्यात एकतीस बटणं होती: नऊ गोल, बावीस चौकोनी. तिने ती टेबलावर ओतली, दोन ढीग केले आणि पुन्हा मोजली. डब्याच्या कोपऱ्यात एखादं अडकलंय का, तेही बोट फिरवून पाहिलं. नव्हतं. आकडा तोच राहिला.

बटणांची कल्पना तिचीच. श्राव्य ग्रंथालयाच्या बहुतेक श्रोत्यांना दिसत नाही. त्यांच्यापुढे छापील कागद ठेवून काय उपयोग? म्हणून प्रत्येकाच्या हातात एक गोल आणि एक चौकोनी बटण दिलं होतं. एकच बातमी दोन आवाजांत ऐकायची, तीन-तीन मिनिटं. पहिला आवाज माणसाचा वाटला तर गोल बटण डब्यात टाकायचं, दुसरा वाटला तर चौकोनी. उरलेलं घरी न्या, शर्टाला लावा, असं सचिवांनी सांगितलं तेव्हा सगळे हसले होते.

पहिला आवाज बाईंचा होता. दुसरा यंत्राचा.

समितीचा ठराव दोन ओळींचा होता. निम्म्याहून जास्त श्रोते फसले, तर वर्तमानपत्रातलं 'तंत्रज्ञान' हे पान पुढच्या आठवड्यापासून यंत्र वाचेल. नाही फसले, तर बाई वाचत आल्या आहेत तशा वाचत राहतील. बाई ते पान बावीस वर्षं वाचत होत्या. दर बुधवारी साडेदहाला त्या काचेपलीकडच्या खोलीत येऊन बसत, चष्मा पुसत, आणि नव्या नव्या उपकरणांच्या बातम्या वाचून दाखवत. स्वतः त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता, आणि तोही बहुतेक वेळा घरी विसरलेला असे.

वाचताना त्यांना राहवत नसे. बातमी संपली की शेरा आलाच. दूध संपत आलं की मालकाला कळवणारा फ्रीज निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे काळा चहा समोर आला की कळायचं." झोप मोजणाऱ्या घड्याळाच्या बातमीवर, "झोप लागली का ते मला विचारा की. घड्याळाला काय विचारता, ते तर रात्रभर जागं." सहानुभूतीचे निरोप आपोआप लिहून देणारी सोय आली, त्या दिवशी बाई थोडं थांबून म्हणाल्या होत्या, "आणि वाचून रडायला कोण येणार, तेही कळवा."

हे शेरे श्रोत्यांपर्यंत जात नसत. वाचकाने स्वतःचं मत घालू नये, असा नियम सचिवांनी केला होता, आणि तो पाळायचं काम तिचं. पदार्थविज्ञानात पदवी घेऊन ती इथे ध्वनिमुद्रणाला लागली, त्याला सहा वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात बाईंनी तिचं नाव 'कात्री' ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पगाराच्या पाकिटावरही एकदा तेच आलं.

शेरे कापणं नियमात होतं. श्वास कापणं नव्हतं. ते तिने स्वतःहून सुरू केलं. तिच्या आधीचा तंत्रज्ञ सगळं तसंच ठेवायचा: श्वास, पान उलटल्याची खसखस, खुर्चीची कुरकुर. तिला ते कानात खड्यासारखं टोचायचं. म्हणून तिने संगणकावर एक मर्यादा आखली. वजा अडतीस डेसिबलच्या खाली, म्हणजे बोलण्याहून हळू, जे जे असेल, ते आपोआप गळून जाईल. वाक्यं एकमेकांना चिकटली, आवाज काचेसारखा लख्ख झाला. तिच्या नोंदवहीत दर आठवड्याला दोन आकडे पडू लागले: मूळ लांबी आणि अंतिम लांबी. बारा मिनिटांचं दहावर यायचं. त्या दोन मिनिटांचा तिला अभिमान होता.

तिने बटणं दोन पाकिटांत भरली, पाकिटांवर आकडे लिहिले, आणि हेडफोन लावले. बटण टाकताना प्रत्येक श्रोत्याने थोडक्यात कारण सांगितलं होतं, ते ऐकायचं राहिलं होतं.

पहिल्या काहींची कारणं नेहमीची होती. दुसरी बाई मायेने वाचते. पहिली फार घाईत आहे. एकीला पहिला आवाज दातांच्या डॉक्टरच्या टेपसारखा वाटला. एका गृहस्थांनी बातमीवरच तोंडसुख घेतलं. असली उपकरणं काढणाऱ्यांना एक दिवस काठी घेऊन रस्ता ओलांडायला लावा, म्हणाले, आणि आवाजांबद्दल बोलायचं विसरूनच गेले.

चौदावा आवाज वाद्यं सुरात लावणाऱ्या आजोबांचा होता. शहरातल्या निम्म्या पेट्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या.

"पहिली श्वास घेत नाही," आजोबा म्हणत होते. "तीन मिनिटांत एकदासुद्धा नाही. इतका वेळ मासाच टिकतो. दुसऱ्या आपल्या जुन्या बाई, शंकाच नाही. त्या परत आल्या, फार बरं वाटलं. सहा वर्षांपूर्वी तुम्ही यंत्र आणलंत, तेव्हा सांगायला हवं होतं. आम्ही काही म्हटलं नसतं."

तिने मागे जाऊन ते पुन्हा ऐकलं. मग पंधरावा ऐकला, सोळावा, एकतिसाव्यापर्यंत. 'परत आल्या' हे शब्द आणखी चार जणांनी वापरले होते.

यंत्राचा आवाज तयार करायला कंपनीने जुनी ध्वनिमुद्रणं मागितली होती. ती तिनेच काढून दिली, आणि जुनी म्हणजे तिच्या आधीची. बाईंनी संमतीच्या कागदावर न वाचताच सही केली होती. मी मेल्यावरही बडबडत राहणार म्हणजे, एवढंच म्हणाल्या होत्या. यंत्र त्या बाईंकडून शिकलं होतं. वाक्य कुठे तोडायचं ते शिकलं, आणि त्याच्या आधी श्वास घ्यायचा, हेही शिकलं. चाचणीसाठी बाईंचा नमुना मात्र तिने नेहमीच्या पद्धतीने तयार केला होता.

तिने दोन्ही नमुन्यांचे आलेख एकाखाली एक लावले. यंत्राच्या आलेखात वाक्यावाक्यामध्ये लहान लहान उंचवटे होते. एकोणचाळीस. बाईंच्या आलेखात तिथे सरळ रेघ होती.

सचिव त्यांच्या खोलीत ठिपक्यांच्या लिपीतलं पत्र वाचत होते. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. दाराशी कोण आलंय हे त्यांना पावलांवरून कळत असे, म्हणून तिने नाव सांगितलं नाही.

"चाचणी चुकली," ती म्हणाली.

"मोजणीत?"

"मोजणी बरोबर आहे. नऊ आणि बावीस. नमुना चुकला. मी बाईंचे श्वास काढले होते. यंत्राचे तसेच होते."

"मुद्दाम काढलेस?"

"नाही. नेहमी काढते तसे."

सचिवांची बोटं ओळीच्या मध्यावर थांबली.

"नेहमी म्हणजे कधीपासून?"

"सहा वर्षं."

"मग श्रोत्यांनी सहा वर्षं जे ऐकलं, तेच काल ऐकलं. चाचणी चुकली कशी म्हणतेस?"

युक्तिवादात फट सापडेना. पुन्हा घेऊ, न कापता घेऊ, असं ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की ते होणार नाही. कोणता आवाज कोणाचा, हे चाचणी संपल्यावर सगळ्यांना जाहीर केलं होतं. उत्तर माहीत असलेल्या माणसाला प्रश्न विचारून काय मोजणार? हे तिला सचिवांनी शिकवायची गरज नव्हती.

सचिवांनी तिला बसायला सांगितलं. मग बराच वेळ ते शांतपणे बोलत राहिले. बाई आठवड्याला एक पान वाचतात. यंत्र रोज बारा पानं वाचेल. लहानपणी त्यांचा भाऊ त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, आणि कंटाळा आला की 'आता काही नाही' म्हणून घडी घालायचा. घडी घातल्याचा आवाज यायचा, आणि आत अजून पुष्कळ आहे हे कळायचं.

"मला अख्खं वर्तमानपत्र ऐकायचंय," ते म्हणाले. "जाहिरातींसकट. निधनवार्तांसकट. तुला डोळे आहेत, अख्खं म्हणजे काय ते तुला नाही कळायचं."

ती जायला उठली.

"मीही चौकोनीच टाकलं," सचिव म्हणाले. "बाईंचाच आवाज म्हणून टाकलं."

बुधवारी साडेदहाला बाई आल्या. कोट खुंटीला लावला, खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला.

"काय गं कात्री, लागला निकाल?"

तिने आकडे सांगितले.

"नऊ जणांचे कान शाबूत आहेत म्हणायचे," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना दोष नाही हो. यंत्र तरुण आहे."

मग तिने श्वासांचं सांगितलं. मर्यादा कोणी आखली, कधीपासून, आजोबा काय म्हणाले, सगळं, एकाही शब्दाला रंग न लावता. सांगताना ती काचेच्या चौकटीवरच्या एका ओरखड्याकडे बघत होती. बाई आपलं ध्वनिमुद्रण कधी ऐकत नसत. आपला आवाज ऐकणं म्हणजे पाठीवरचा तीळ आरशात बघणं, जमतं पण मान अवघडते, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे ही गोष्ट त्यांना आजवर कळलीच नव्हती.

बाईंनी चष्मा पुन्हा काढला आणि पुसलेलीच काच पुसली.

"शेरे कापतेस ते ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठीच मारायचे ते. एकटीने काचेपलीकडे बसून ऐकतेस, तेवढंच हसू येईल पोरीला. हसायचीसही. खांदे हलायचे तुझे." त्यांनी चष्मा लावला. "श्वासाचं नव्हतं ठाऊक."

"मला वाटलं, त्याने स्वच्छ होतं."

"होतंच की."

त्यात टोमणा होता का, हे तिने बाईंच्या चेहऱ्यावर शोधलं. सापडला नाही, आणि त्यामुळे तिला जास्त लागलं.

"आज काही कापणार नाही," ती म्हणाली. "एकही गोष्ट नाही. मी सचिवांना सांगून आलेय. काय वाटेल ते बोला."

बाईंनी मान हलवली, आणि ती काचेअलीकडे आली. मर्यादेचा आकडा पडद्यावर होता. तो तिने पुसून टाकला आणि लाल दिवा लावला.

त्या आठवड्याच्या बातम्या जणू शेऱ्यांसाठीच निवडल्या होत्या. सकाळी चेहरा बघून माणसाची मनःस्थिती सांगणारा आरसा निघाला होता. बाईंनी बातमी वाचली, किंमत वाचली, पान उलटलं. तिचा हात सवयीने कापायच्या जागेवर खूण करायच्या कळीवर गेला होता. तो तिथेच राहिला. कुत्र्याच्या भुंकण्याचा अर्थ सांगणारा पट्टा आला. बाईंनी पट्ट्याचं वजन सांगितलं, ग्रॅममध्ये, आणि पुढे गेल्या. घरी कोणी नसताना गप्पा मारणारा दिवा आला. तिने काचेतून पाहिलं. बाईंची नजर कागदावरून हलली नाही.

हेडफोनमधून प्रत्येक वाक्याआधी श्वास येत होता. बाईंचा श्वास कसा आहे, हे तिला सहा वर्षांत माहीत नव्हतं. सुरुवातीला लहान, शेवटाकडे थोडा फाटलेला, जिना चढून आल्यासारखा. यंत्राकडे होता तो वेगळा होता. तो वीस वर्षांपूर्वीचा होता.

शेवटी सूचना होती. सचिवांनी ती स्वतः सांगून टाइप करून घेतली होती, आणि यंत्राकडून वाचून घेऊ, असंही सुचवलं होतं. बाई नको म्हणाल्या होत्या. पान माझं आहे, मीच वाचेन.

"श्रोत्यांना कळवण्यात येतं की, पुढच्या बुधवारपासून हे पान, आणि वर्तमानपत्राची इतर सर्व पानं, यंत्राच्या आवाजात रोज ऐकता येतील."

कागद संपला. बाईंनी मान वर केली. शेरा मारण्याआधी त्यांचे ओठ जसे किंचित विलग होत, तसे झाले. काचेअलीकडे ती कळीवरचा हात उचलून, श्वास रोखून बसली.

बाईंनी ओठ मिटले. खुर्ची कुरकुरली. मग त्यांनी श्वास घेतला, पूर्ण, घाई न करता, आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "आजचं पान इथे संपलं."

लाल दिवा विझवल्यावर बाईंनी कोट घातला. बटणांचं काय केलंस, असं विचारलं. तिने पाकिटं दाखवली. बाईंनी त्यातलं एक गोल बटण घेतलं, कोटाच्या वरच्या रिकाम्या जागेवर धरून पाहिलं, जरा मोठं होतं, तरी खिशात टाकलं, आणि गेल्या.

तिने ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐकलं. श्वास मोजले: एकशे एकोणसाठ. पान उलटल्याचे आवाज चार. शेरे शून्य. सूचनेनंतरची शांतता सहा पूर्णांक चार सेकंद. मग नोंदवही उघडून तिने तारीख घातली आणि दोन्ही रकाने भरले.

मूळ लांबी: बारा मिनिटं अठरा सेकंद.

अंतिम लांबी: बारा मिनिटं अठरा सेकंद.