हेमलाची दाढ

"दाढ किती दिवस दुखत होती?" मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले. उत्तर देण्याआधी हेमलाने माझ्याकडे पाहिले.

"सांग," मी म्हटले.

"तीन वर्सं. दाढेत ठणका मारे अन् तिथूनच बाया बोलत. मी घडीघडी सांगितलं. बाई मने, लवंग धर अन् गप राह्य."

हेमला माझी धाकटी जाऊ; मला ती बाई म्हणते. काडीवर कणकेची तिच्याइतकी नाजूक सरगुंडी वळणारे बोट अख्ख्या केनवड गावात नाही. बावीस वर्षांपूर्वी तिला आवाज ऐकू येऊ लागले. वाशिमचे उपचार मीच सुरू केले. गोळी रोज माझ्या हाताने दिली, एकही चुकवली नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. तिचे बोलणे मात्र तेव्हापासून मी जमेस धरले नाही. तिचे दुखणेही त्या आवाजांपैकीच एक, असा निवाडा मी दिला. आणि माझा निवाडा फिरवण्याची आमच्या घरात रीत नाही. गेल्या महिन्यात गाल सुजून तिचा डोळा झाकला, तेव्हा कुठे दाढ काढली. खाली पू निघाला.

डॉक्टरीणबाईंनी दाढ काढण्याआधीचा आणि नंतरचा असे रक्ताचे दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवले. "आजी, अंगातली सूज आता बरीच उतरलीय. दाढेमुळे हा आजार झाला, असं नाही. पण अशी आतली सूज काही रुग्णांत मेंदूलाही त्रास देत असावी, असं संशोधन सांगतं. अजून पक्कं नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या. फक्त, त्या दुखतंय म्हणाल्या तर दुखतंय असं समजा."

माझ्याशी या सुरात कोणी बोलत नाही. मी ऐकून घेतले.

आमच्याकडे थोरलीने बसायचे, धाकटीने वाढायचे. त्या संध्याकाळी मी दूधभाकर कुस्करली आणि ताट हेमलापुढे ठेवले.

"आज सूर्य कोनीकून उगवला, बाई?"

"जेव मुकाट्यानं. दुखते का अजून?"

"नाई. दाढेतल्या बायाईचा कालवा कमी झाला. एकच राह्यली."

"काय मनते ते?"

तिने पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"सांग."

"गप राह्य, मनते. आवाज तुमचाच आहे, बाई."

तिने पहिला घास घेतला. ती जेवून उठेपर्यंत मी पदराने ताटावरच्या माश्या वारत बसले.